पावलातला नेचा

बहात्तरच्या दुष्काळात पाटोद्याजवळच्या डोंगरातलं रान पार वाळून गेलं होतं. तिथं काहीतरी हिरवं उगवलंय, असं गुराख्यांनी सांगितलं. म्हणून मन्मथप्पा आपल्या लेकीला, शिवकन्येला, घेऊन वर आले. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. ते सोसायटीचे चेअरमन होते, आणि गावाला विहीर कुठं खणायची ते अजून ठरत नव्हतं.

तिनं तिथल्या हिरव्या झुपक्याचं एक पान उलटून मागचे तपकिरी ठिपके पाहिले.

"नेचा आहे, आप्पा. धबधब्याजवळचा. ओलाव्याशिवाय जगत नाही."

"म्हंजे हितं पानी हाय."

त्यांनी पहारीनं उकरलं. हातभर खाली राखेसारखी कोरडी माती निघाली. पान मात्र ओलं होतं.

पुढं दुसरा झुपका होता, त्याच्यापुढं तिसरा. प्रत्येक लांबट, पुढच्या टोकाला रुंद, आणि तिथं पाच कोंब. एक डावीकडं, एक उजवीकडं, अशी ती रांग गावाकडं उतरत होती.

"कोन चाललंय हे?" आप्पांनी हळूच विचारलं.

दोघं रांगेमागं उतरू लागली. झुपके कोवळे होत गेले. शेवटच्याची पानं अजून गुंडाळलेली होती. त्यापुढं नुसती भेगाळलेली जमीन.

त्यांच्यादेखत तिथली माती फुगली आणि नवा झुपका वर आला. मग त्याच्यापुढं आणखी एक.

"आप्पा, मागं फिरा," शिवकन्या म्हणाली.

तिचा आवाज ऐकून रांग थांबली. थोड्या वेळानं पुढचा झुपका उगवला. या खेपेला त्याची बोटं त्यांच्याकडं वळलेली होती.