चाकातली हवा

सारिस भागातल्या दामतेवच्या गॅरेजसमोरच झेवदितूची इलेक्ट्रिक टॅक्सी पंक्चर झाली.

"असल्या गाड्यांना मी हात लावत नाही," दामतेव बसल्या जागेवरून म्हणाला. तीस वर्षं त्याने पेट्रोलची इंजिनं खोलली होती. हल्ली तशी गाडी आठवड्यातून एखादीच यायची.

"चाकात कुठली आलीय वीज, गाशे?" वडीलधाऱ्याला मानाने हाक मारावी तसं झेवदितू म्हणाली. "हवाच आहे ना?"

तो कुरकुरत उठला. बॅटरीला धक्का न लागता जॅक कुठे लावायचा, ते तिनेच दाखवलं. चाक उतरवल्यावर मात्र तो आपणहून खाली वाकला.

"पोरी, ब्रेकला गंज चढलाय. कोणी बघितलं नाही?"

"सर्व्हिसिंगवाले दोन महिन्यांनंतरची तारीख देतात. आमच्या स्टँडवरच्या अकराही गाड्यांचं हेच रडगाणं आहे."

दामतेवने ब्रेक घासूनपुसून पुन्हा बसवले, पंक्चर काढलं, आणि हात पुसत म्हणाला, "उद्यापासून एकेक गाडी पाठव. बॅटरीतलं मला कळत नाही, ते शिकून घेईन."

ती गेल्यावर त्याने एका कॉफीवाल्याला फोन लावला. तो संध्याकाळी गॅरेजचा ताबा घ्यायला येणार होता.

"बाबा रे, तू दुसरी जागा बघ."