गोडाचं जेवण

आईच्या तेराव्याला घरच्यांनी गोड खाल्ल्याशिवाय पंगत सुरू होत नाही, म्हणून इंदुमावशीने हेमांगीपुढे आमरसाची वाटी सरकवली.

“नको मावशी.”

“खा गं. तुझी आई आंब्यावर जीव टाकायची.”

हेमांगीला ते ठाऊक होतं. चैत्रात आईने एकच फोड मागितली, तेव्हा तिने पुस्तक उघडून दाखवलं होतं: अ जीवनसत्त्व आंब्यापेक्षा गाजरात कितीतरी जास्त, साखर कमी. आईने दोन महिने निमूट गाजराचा कीस खाल्ला. साखर शेवटपर्यंत आटोक्यात राहिली. आई गेली ती हृदय बंद पडून.

“गाजर तिला कधीच आवडलं नाही,” मावशी म्हणाली. “मला फोनवर म्हणाली, ‘पोरगी एवढं वाचून सांगते, तिचं मन कशाला मोडू?’”

पंगत खोळंबली होती. हेमांगीने रस गिळला आणि गोड आहे म्हणाली.