बिनचिठ्ठीचा शर्ट

फायब्रोमायल्जियाच्या आजाराने अंग ठणकायचं, ते शिंपीणबाई सोसत. पण त्याच आजाराने डोक्यात धुकं शिरलं की हातातलं कामही आठवत नसे. मागे एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक हसलं, बाईंनी मात्र कानाला खडा लावला: कुणाचं, काय शिवायचं ही चिठ्ठी टाचल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. आज त्या चहा पिऊन परतल्या, तर टेबलावर बाह्या कापलेला शर्ट, आणि चिठ्ठी कुठेच नाही. शेजारीण आठवली, गेलेल्या नवऱ्याच्या शर्टाची उशी शिवून मागणारी. तिला फोन लावला. “तुमच्या उशीला बटणं ठेवू की काढू?” “अहो ताई, उशी परवाच दिलीत की! रोज कुशीत घेऊन झोपते मी.” बाईंनी शर्ट हळूच नाकाशी नेला. बाईंचे यजमान गेल्यापासून त्यांचा शेवटचा शर्ट पाच वर्षं न धुता दारामागे टांगलेला असायचा. बाईंनी मान वळवली. खुंटी रिकामी होती.