कड्याची अळंबी

मास्तरची छडी मोडून मी मिशनची शाळा सोडली, पन माझी नजर लई तेज. म्हनून घरात अळंबी निवडायचं काम माझंच. वारुळावरची खायची, तिचं देठ साफ असतं. इखारी हुबेहूब तशीच, फकस्त देठाला बारीक कडं.

गेल्या साली एक कड्याची माझ्या नजरंतनं सुटली, आन माझी धाकटी बहीन कृपा गेली. सात वर्साची हुती. पुढचे दोन दात पडल्याले.

औंदा लढाईपायी ज्वारी पुरंना. आईनं परत टोपली माझ्यापुढं ठिवली. "नीट बघ रं, आमोस."

एक कड्याची निघाली. तिला बारका चावा हुता, आन चाव्याच्या मधी दोन दातांएवढी जागा शाबूत.

उंदीर असंल, म्हनून मी ती चुलीत फेकली.

वळून बघतो, तर तीच टोपलीत वर. आता चावा मोठा.

मी भडकलो. "आये, टोपलीत कोन हात घालतंय?"

आई भाकरी थापत हुती. मागं न बघता बोलली, "कृपे, कच्ची खाऊ नगं गं. दादा निवडतोय न्हवं?"