नेम

जमिनीवर आडवी टाकलेली पिवळी काठी.

परीक्षितच्या पुण्याला बदलीची फाईल, तीन आठवडे साहेबांच्या टेबलावर.

"बाबा, नेम म्हणजे नाव ना?" दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पोहे खाताना, देवयानी.

निळी बादली.

बादली शंभर पावलांवर होती. ती धरून एक बाई नोएडाच्या त्या सरावाच्या मैदानात गोल्फचे चेंडू वेचत होती. डोक्याला क्रिकेटचं जुनं हेल्मेट. मैदानात कुणी असताना चेंडू मारू नये, अशी पाटी होती. साहेब पाटीला टेकूनच उभे होते. त्यांचे तीन चेंडू बाईच्या आसपास पडले, तिनं तीनदा उडी मारली, आणि साहेब तोंडातला गुटखा सांभाळत हसले.

"अब तुम, परीक्षित. बाल्टी पे."

परीक्षितचा दोष काढता काढता कोच थकला होता. निशाण जिकडे, तिकडेच तो पाय रोखायचा, आणि चेंडू हमखास उजवीकडे जायचा. आज त्यानं मुद्दाम तसेच पाय रोखले. आपल्या चुकीचा त्याला पहिल्यांदाच आधार वाटला.

साहेबांच्या ते लक्षात आलं. मागून येऊन त्यांनी त्याचे खांदे धरून फिरवले, पायांची दिशा दाखवणारी ती पिवळी काठी बुटानं सरळ केली. मानेवर सुपारीचा ओला वास आला.

"रेल की पटरी समझो यार. गेंद एक पटरी पे, पैर दूसरी पे."

मग तसंच कानाशी, पुण्याची हवा सध्या छान असेल नाही, असंही विचारलं.

परीक्षितनं पाय हलवले नाहीत. कोचनं शिकवलं होतं तसं लांब बघितलंच नाही. चेंडूपुढची, वीतभर अंतरावरची गवताची एक काडी नजरेत धरली आणि मारला.

नेम लागला.

बादली उडाली, चेंडू सांडले. बाईनं उजवा हात काखेत दाबून धरला आणि खाली बसून डाव्या हातानं ते वेचू लागली. त्यात परीक्षितचाही होता.

साहेब म्हणाले, उद्या फाईल बघतो. परीक्षितनं रुमालानं मान पुसली. पुन्हा पुसली.

सकाळी फाटकाशी त्याच बाईनं त्याला थांबवून सांगितलं होतं, साहेब, बुटाची नाडी सुटलीय, पडाल.