कोपऱ्यातला बाण

स्क्रीनवरचा बाण आपोआप हलू लागला, तशा विद्युल्लताबाई उठून चहा ठेवायला गेल्या.

घरात काम करायला आलेला माणूस, मग तो मिक्सरवाला असो की नळवाला, चहा घेतल्याशिवाय जाता कामा नये, ही त्यांच्या निपाणीच्या घरातली रीत. लेक ऋग्वेद बेंगळुरात बसून तिकडूनच इथला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, म्हणून रीत थोडीच मोडायची? त्यांनी भरलेला कप की-बोर्डशेजारी ठेवला आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या. नंतर तो चहा त्यांचे यजमान केशवराव पीत. ‘तुझ्या लेकापायी माझी साखर वाढाली बघ,’ हे दर वेळचं ठरलेलं.

बाण झरझर फिरत होता. एक खिडकी उघडे, दुसरी मिटे. लहानपणी गणित सोडवतानाही त्याची पेन्सिल अशीच पळायची. विद्युल्लताबाई डोळे भरून बघत होत्या.

“आई, हे अँटिव्हायरस मी मागच्या महिन्यात काढलं होतं न्हवं?” फोनवर ऋग्वेदचा आवाज आला. “परत कसं काय उगवलं?”

“मला काय ठाऊक रं,” त्या म्हणाल्या.

ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. मुदत संपलेलं ते सॉफ्टवेअर मेलं तरी जात नव्हतं. काढलं तरी कुठेतरी त्याचं शेपूट राहायचं आणि चार दिवसांनी चौकट यायची, ‘पुन्हा बसवायचं का?’ विद्युल्लताबाईंनी स्वतःच्या हाताने ‘हो’ दाबलं होतं. त्याच्या आदल्या खेपेलाही दाबलं होतं. मग कॉम्प्युटर रखडायचा, केशवरावांचा पेपर उघडायचा नाही, आणि रविवारी बाण यायचा. रात्री बसमध्ये बसलं की सकाळी निपाणीत उतरता येतं, पण बस काही त्याला सापडत नव्हती. बाण तरी यायचा.

“आज मुळासकट काढतो,” ऋग्वेद म्हणाला. “कंपनीनंच काढायचं वेगळं साधन दिलंय. पण ते सेफ मोडमध्ये चालवायला लागतंय. तिथं मला येता येत न्हाय. तूच करायचंस.”

“मी?”

“मी सांगतो की फोनवर. घाबरू नकोस.”

स्क्रीन काळी झाली. पुन्हा उजळली तेव्हा चारी कोपऱ्यांत इंग्रजी अक्षरं होती आणि बाण मधोमध नुसता उभा होता. विद्युल्लताबाईंनी माउस धरला. इतका वेळ बाण हलत होता तसा हलवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या हातात तो अडखळतच चालला.

“त्या लाल चित्रावर दोनदा दाब. दाबलंस?”

“दाबलं.”

“आता काय दिसालंय?”

“विचारालंय. सगळं पुसून टाकायचं, खात्री आहे का म्हणून.”

“मग व्हय म्हण की.”

‘येस’च्या शेजारीच ‘नो’ होता. बोटभर अंतर. ‘नो’ दाबून, जमलं नाही बाबा, असं म्हटलं असतं तर पुढचा रविवार नक्की होता. बाण ‘नो’वर जाऊन थांबला.

“आई? दाबलंस का गं?” तिकडे ऋग्वेदने जांभई दिली. दाबून, तोंड बाजूला करून दिली, पण आईला ती ऐकू आली. “एक रविवारच मिळतोय गं मला. अजून कपडे धुवायचे आहेत, जेवलोपण न्हाय.”

त्यांना लेक हवा होता, फार हवा होता. पण असा उपाशी, जांभई गिळत बसलेला नको होता.

त्यांनी बाण बाजूला सरकवला आणि ‘येस’ दाबलं.

हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला, कोपऱ्यातली अक्षरं गेली, आणि ऋग्वेदचा बाण परत आला. तो चार जागी डोकावला, दोन ठिकाणी खात्री करून घेतली.

“गेलं. पार साफ. आता चौकट यायची न्हाय, अन् मलाबी सारखं यायला नको.”

“बरं झालं,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “तू आधी जेवून घे.”

“व्हय. गणपतीला रजेचं बघतो. ठेवू?”

“ठेव.”

बाण सावकाश उजव्या कोपऱ्याकडे गेला आणि घड्याळाच्या आकड्यांपाशी थांबला. फोन बंद झाला. विद्युल्लताबाई बाणाकडे बघत राहिल्या. तो काही परत हलला नाही.

केशवराव आंघोळ करून आले. पेपर बघावा म्हणून त्यांनी माउसकडे हात नेला.

“हात लावू नका.”

“का? परत बिघडला?”

“न्हाय,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “नीट झालाय.”

केशवरावांनी कोपऱ्यातल्या बाणाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. माउसकडे गेलेला हात त्यांनी कपाकडे वळवला आणि लेकाच्या वाटणीचा गार चहा, साखरेचं नाव न काढता, उभ्या उभ्या पिऊन टाकला.