काचेतलं ऊन

“काच उघडी ठेवायची हं. काचेतून येतं ते ऊन नुसतं ऊबदार. त्यातून डी व्हिटॅमिन मिळत नाही.”

डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं दोन महिने थोरलीच्या कानात घोळत होतं. बाकीचं तिने घरी नीट सांगितलं होतं. गरोदर धाकट्या जावेला डीच्या गोळ्या पचत नाहीत, उलटून पडतात. म्हणून रोज अकराला अर्धा तास ऊन, बाह्या वर करून. काचेचं तेवढं तिने गिळलं.

घरात ऊन यायचं ते एकाच खिडकीतून, आणि त्या खिडकीशी थोरलीचं शिलाई मशीन. ते हलवायला सासूबाईंनी अर्धा दिवससुद्धा लावला नाही. आता ती जिन्याजवळच्या बोळात दिवसाढवळ्या बल्ब लावून लोकांच्या बाह्या जोडायची. आतून सासूबाईंचा लाडात आलेला आवाज यायचा, “सूर्य हल्ली आमच्या धाकटीला विचारून उगवतो बरं का!” मग धाकटीचं हसणं. थोरलीचा टाका चुकायचा.

चार वर्षांपूर्वी तिचं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा तिचं डी कुणी मोजलं नव्हतं. कुणी पाठीला उशी दिली नव्हती. त्याच खिडकीशी, त्याच काचेआड बसून ती शेवटच्या दिवसापर्यंत शिवत होती.

काच कुणी मुद्दाम लावली नव्हती. रस्त्याची धूळ कापडावर बसू नये म्हणून ती वर्षानुवर्षं बंदच असायची. थोरलीला काही करावंच लागलं नाही. नुसतं गप्प राहावं लागलं. रोज हात जोडताना ती देवाजवळ सगळं बोलायची, हे एक सोडून.

आणि सातव्या महिन्यात धाकटी तापाने फणफणली. आज दवाखान्यातला तिसरा दिवस होता.

“व्हायरल आहे. साथच आहे सध्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाळाचे ठोके चांगले आहेत, ताप उतरतोय. पण डी वाढायचं सोडून घसरलंय. त्यामुळेच ताप आला असं मी म्हणणार नाही, पण ऊन घेत नव्हतीस का?”

“घेत नव्हती कशी?” सासूबाई उसळल्या. “रोज अर्धा तास! थोरलीने आपली जागा मोकळी करून दिली!”

“काच उघडून?”

धाकटीने एकदा थोरलीकडे पाहिलं.

“मीच लावून घ्यायचे,” धाकटी म्हणाली. “वारा सोसत नव्हता.”

डॉक्टरीणबाई इंजेक्शन लिहून देऊन गेल्या. “धन्य आहे बाई तुझी!” असं म्हणत सासूबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

“खोटं का बोललीस?” थोरलीने विचारलं.

“उन्हाचं सांगितलं त्या दिवशी मी तपासणीच्या खोलीत होते. बाईंनी काचेचं तुम्हालाच सांगितलं असणार.” धाकटीने तिचा हात धरला. धाकटीचा हात अजून तापाने गरम होता. “कामाच्या रगाड्यात विसरलात तुम्ही. पण आईंना कळलं असतं ना ताई, तर त्यांनी बाळाला तुमच्या वाऱ्यालाही उभं केलं नसतं. आणि मला तर ते पहिल्यांदा तुमच्याच मांडीवर द्यायचंय. नवऱ्याला सांगून ठेवलंय, तुझा नंबर दुसरा.”

चार वर्षांत त्या मांडीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

“मला वचन द्या,” धाकटी म्हणाली. “तुम्ही विसरलात, असं कुणाजवळ कधी बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

धाकटीचा डोळा लागेपर्यंत ती तिथेच बसली. मग पांघरूण सारखं करून, पावलांचा आवाज न करता बाहेर आली. सासूबाई बाकावर स्वतःशीच पुटपुटत होत्या, “एवढी शिकलेली पोर, आणि एक खिडकी उघडायला हात जड झाले!”

थोरली त्यांच्याशेजारी टेकली.

“आई, तिला बोलू नका. काच उघडायची, हे बाईंनी मला सांगितलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि मी विसरले नव्हते.”